सात पायऱ्यांचं घर, पद्मजाच्या आवाजात

मेढ्याच्या स्टँडवर साताऱ्याची सकाळची गाडी लागली, तेव्हा माझी ट्रंक आबांनी स्वतःच आत चढवली. ट्रंक त्यांची फौजेतली, काळी, झाकणावर अजून त्यांचं नाव आणि नंबर. मी साताऱ्यात दोन वर्षं दवाखान्यात नर्स होते, रोज येऊन-जाऊन. आता सांगलीला राहून जर्मन शिकायचं आणि परीक्षा पास झाले तर जर्मनीला जायचं, असं ठरलं होतं. आबा खिडकीखाली उभे राहिले आणि म्हणाले, "नाव घेतलं की मोठ्यानं ओ द्यायची. फौजेत ज्याचा आवाज न्हाई त्यो गैरहजर." आईनं डबा वर दिला. तिचं सांगणं नेहमीचंच, लहानपणापासून ऐकलेलं. "भ्या वाटलं तर आदी जेव, मंग भी."

मी मुळातच भित्री. गाडीनं वळण घेतलं आणि वेण्णेचा पूल मागे पडला तशी मी डबा उघडला. साताऱ्यापर्यंत सगळी भाकरी संपली, भीती मात्र कराड, मलकापूर गेलं तरी तशीच होती.

हे लिहितेय ते सांगलीतल्या त्या वर्गात आता बसलेल्या मुलींसाठी, आणि माझ्यासारख्या इथं जर्मनीत येऊन पडलेल्यांसाठी. ज्यांना वाटतं की आपण एकट्याच घाबरतो, त्यांनी तर नक्की वाचावं.

आमचा वर्ग म्हणजे एका दुमजली इमारतीतली लांबट खोली होती. भिंतीवर फळ्याच्या जागी मोठा स्मार्ट बोर्ड, प्रत्येकीच्या हातात टॅब, कानावर हेडफोन. टॅबमधली बाई जर्मन बोलायची, आपण ऐकून उत्तर द्यायचं, मग स्वतः बोलून रेकॉर्ड करायचं, राहिलेलं टॅब खोलीवर नेऊन. बरोबर आलं की हिरवी रेघ पुढं सरकायची, चुकलं की लाल. एवढंच असतं तर चाललं असतं. पण रोज सकाळी देसाई मॅडम बोर्ड चालू करायच्या आणि त्यावर आम्हा बाराजणींची नावं एकाखाली एक यायची, नावापुढं रेघांसकट. वाचन, लेखन, ऐकणं, बोलणं. पहिल्या आठवड्यात माझ्या नावापुढं दोन रेघा हिरव्या आणि दोन लालभडक. वाचायला, लिहायला मला कधीच अडचण नव्हती. पण हेडफोन कानाला लावला की ती बाई मला रागावतेय असंच वाटायचं. मला तिचं एक अक्षर कळत नसे, आणि बोलायची पाळी आली की घशातून आवाजच निघत नसे.

मॅडमनी बोलायची गरजच काय, बोर्डच सगळं सांगत होता. वर्गाचा जिना मी एकेक पायरी थांबत चढायची. आत गेल्यावर पहिल्यांदा बोर्डाकडं नजर जायची.

माझ्या खोलीत माझ्याबरोबर पद्मजा होती, आष्ट्याची. जैनांच्या घरातली, त्यामुळं दिवस मावळायच्या आत तिचं जेवण उरकलेलं असायचं. तिचं उलटं होतं. कान भारी तिखट, एकदा ऐकलेलं तसंच्या तसं बोलून दाखवायची, त्या बाईच्या हेलासकट. पण लिहायला बसली की रडकुंडीला यायची. बोर्डवर तिच्या पहिल्या दोन रेघा लाल आणि माझ्या शेवटच्या दोन.

आमच्याकडं जावळीत भातलावणीला पैरा करतात. आज सगळ्यांनी तुमच्या खाचरात उतरायचं, उद्या सगळ्यांनी आमच्या. ज्याला जे जमतं ते त्यानं करायचं. कुणी चिखल करतं, कुणी रोपं उपटतं, कुणी लावतं, आणि सगळ्यांचीच शेतं वेळेत हिरवी होतात. एका संध्याकाळी मी चुलीजवळ, म्हणजे आमच्या शेगडीजवळ, भाजीला फोडणी देत होते आणि पद्मजा वहीपुढं डोकं धरून बसली होती. मीच म्हणाले, "आपण पैरा करूया का? तुझं वाचायचं-लिहायचं मी करते. माझं ऐकायचं-बोलायचं तू कर."

ती म्हणाली, "टॅबला कळंल की गं."

"त्याला काय कळतंय, कुणाचा आवाज कुणाचा."

खरंच नाही कळलं. तिसऱ्या दिवशी आमच्या दोघींच्या सगळ्या रेघा हिरव्या. त्या सकाळी पहिल्यांदा मी जिना दोन-दोन पायऱ्या टाकत चढले. आम्हाला ही लबाडी वाटलीच नाही, हे खरं सांगते. एवढ्या पिढ्या आमच्या घरांनी हेच केलंय, त्यात चोरी कसली?

गृहपाठ आला 'माझं घर'. दोघींचा मजकूर मीच लिहिला. माझ्या घराबद्दल मन लावून लिहिलं. माझं घर मेढ्याला आहे. मागे डोंगर आहे. रस्त्यावरून घरात चढायला सात दगडी पायऱ्या आहेत. तिसऱ्या पायरीवर माझे वडील सकाळी चहा पितात. अशी पंधरा वाक्यं. पद्मजानं ती माझ्या टॅबवर रेकॉर्ड केली, आणि इतकी सुरेख की मॅडमनी दुसऱ्या दिवशी ती सगळ्या वर्गाला ऐकवली. हेडफोनच्या माइकमधून आवाज जरा बदलतोच, कुणाला संशय आला नाही. बोर्डवर माझ्या नावापुढं चांदणी आली. मी खाली मान घालून बसले. सगळ्यांना वाटलं, लाजतेय.

मग एक दिवस भर वर्गात लाइट गेली.

बोर्ड काळा झाला, पंखे थांबले. मॅडम म्हणाल्या, "बरं झालं. आज जरा तोंडानं बोलू. वैशाली, तू ऊठ. तुझं घर सांग बघू." मी उभी राहिले. पंधराच्या पंधरा वाक्यं माझीच होती, डोळ्यांपुढं वहीचं पान दिसत होतं, पण तोंडातून हवासुद्धा बाहेर येईना. मॅडमनी जर्मनमध्ये काहीतरी विचारलं, ते मला कळलंच नाही. आणि शेजारच्या बाकावरून, मला वाचवायला म्हणून, पद्मजा सवयीनं सुरू झाली. माझं घर मेढ्याला आहे. मागे डोंगर आहे. सात पायऱ्या आहेत. चहा पिणाऱ्या वडिलांपर्यंत आली आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. मुली हसल्या. मग हसू थांबलं.

मॅडमनी आम्हा दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "व्हिसा पण दोघींत मिळून एकच मागणार काय?"

तेव्हापासूनची भीती वेगळी होती. आधी लाल रेघेची होती, आता हिरव्या रेघेची. परीक्षेला सहा आठवडे राहिले होते आणि आमच्यातली कुणीच अख्खी तयार नव्हती. आम्ही पैरा मोडला. पाठीला पाठ लावून बसायचो, ती बोलायची, मी ऐकून लिहायची, मग उलटं. पण उशीर झाला होता. पुण्याला परीक्षा झाली आणि निकाल आला तो अगदी आमच्या बोर्डासारखा. मी वाचन-लेखनात पास, ऐकण्या-बोलण्यात नापास. पद्मजा बरोबर उलटी. तिचा अर्धा आणि माझा अर्धा कागद जोडला असता तर एक पास झालेली मुलगी मिळाली असती.

राहिलेले विषय परत देता येत होते. मी दिले आणि काठावर सुटले. पद्मजाचं मात्र त्याच महिन्यात लग्न ठरलं. तिच्या घरच्यांनी निकालाची वाट बघितली होती, आणि निकाल असा लागला होता. लग्नाच्या मांडवात माझा हात दाबून म्हणाली, "तू जा. मी मागनं येते." पैरा काढला होता मी. तिच्या वहीतली ती सगळी पानं मी लिहिली नसती तर ती लिहायला शिकली असती, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आता तर रोज कळतं. मी मांडवात जेवले आणि मेढ्याला आले. आठ दिवसांनी विमानात बसले.

इथं मी म्हाताऱ्या माणसांच्या एका निवासात काम करते. गाव लहान, शांत. शिफ्ट, पेपर्स, ओव्हरटाइम, टर्मिन म्हणजे भेटीची ठरलेली वेळ, हे शब्द आता मराठी बोलतानाही मध्येच येतात. आजी-आजोबा हळू बोलतात, हात धरून बोलतात, त्यांच्याशी बोलायची भीती गेली. भीती आहे ती स्टेशनवरच्या, म्हणजे आमच्या वॉर्डातल्या, टेलिफोनची. समोर ओठ दिसत नाहीत, हात दिसत नाहीत, नुसता आवाज. पुन्हा ती टॅबमधली बाई.

पहिल्याच महिन्यात एका सकाळी मी स्टेशनवर एकटी होते आणि फोन वाजला. डॉक्टरांच्या दवाखान्यातून होता. पलीकडची बाई भराभर बोलली. मला एका आजींचं नाव कळलं, त्यांच्या रक्त पातळ करायच्या गोळीचं नाव कळलं, आणि एक 'नाही' कळलं. कशाला नाही? गोळी थांबवायची नाही, की द्यायची नाही? गोळ्यांचा ट्रे माझ्यासमोर होता. ट्रे द्यायला दहा मिनिटं राहिली होती. हो हो म्हणून फोन ठेवायचा मोह मला झाला, हे लपवत नाही. लाज वाटते तेव्हा माणूस हो म्हणतो. आणि माझ्या तोंडून वाक्य आलं, "माफ करा, मी इथं नवीन आहे, पुन्हा एकदा हळू सांगा." ते आलं ते पद्मजाच्या हेलात, जसंच्या तसं. हे वाक्य तिनं माझ्या नावावर कितीदा रेकॉर्ड केलं होतं, भाजी शिजेपर्यंत. बाईनं सुस्कारा टाकला, पुन्हा बोलली. मी पुन्हा तेच म्हणाले. तिसऱ्यांदा तिनं एकेक शब्द सांगितला, मी लिहून घेतला आणि लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. आज गोळी द्यायची नाही, असं होतं ते.

फोन ठेवल्यावर मी स्टोअररूममध्ये जाऊन बसले. ती गोळी आधीच ट्रेमधून काढून ठेवली होती. मी हो म्हणाले असते तर काय झालं असतं, हा विचार आजही टेलिफोन वाजला की आधी येतो.

त्या संध्याकाळी मी जुनं ॲप उघडलं. माझ्या खात्यात सगळी रेकॉर्डिंग तशीच आहेत. 'माझं घर' लावलं. एक मुलगी म्हणत होती, मी वैशाली, माझं घर मेढ्याला आहे. मेढा गाव तिनं कधी बघितलेलंही नव्हतं. तेव्हापासून रविवारी जेवण झालं की मी ते लावते. फोटो बघून मला घर आठवत नाही, तिच्या आवाजात आठवतं.

पद्मजाला आता तीन वर्षांची मुलगी आहे. गेल्या वर्षी तिनं फोन करून विचारलं, "राह्यलेले दोन पेपर आता देऊ म्हणतीया. हातानं लिहून फोटो धाडला तर तपासशील व्हय?" आम्ही ठरवलं की या वेळी मी तिचं एक अक्षरही लिहायचं नाही. चूक दिसली की लाल गोल करायचा, बस. दर रविवारी तिचं एक पान येतं. पहिली पानं बघून मी घाबरले होते. आता गोल कमी झालेत.

मागच्या आठवड्यात तिचा नवरा हळद घेऊन साताऱ्याला निघाला होता, तर ही मुलीला घेऊन गाडीत बसली आणि पुढं मेढ्याला गेली, आमच्या घरी. आईनं तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही. परत आल्यावर तिनं पान पाठवलं. विषय तिचा तिनंच निवडला होता, 'माझ्या मैत्रिणीचं घर'. मागे डोंगर आहे. दारात तिच्या आईनं झेंडू लावला आहे. रस्त्यावरून चढायला सहा दगडी पायऱ्या आहेत.

मी सहावर लाल गोल केला आणि बाजूला सात लिहिलं.

तिचा लगेच फोन आला. "सहाच हायत गं. पोरीला हाताला धरून मोजत चढवली मी. आबा हुते तितंच."

मी आबांना फोन लावला. ते म्हणाले, "आगं, रस्त्याचं काम झालं न्हवं का, भराव टाकून वर उचलला. खालची पायरी गेली त्यात. तुला सांगायचंच राह्यलं बघ."

सांगायचं राहिलं. त्या एका वाक्यानं मला टेलिफोनपेक्षा जास्त भीती वाटली. आबांचा आवाज मला बारीक लागला. अजून काय काय सांगायचं राहिलंय, मी विचारलं नाही. मी ज्या घराला माझं घर म्हणते ते तिथं नाही, आणि जे तिथं आहे ते मला ऐकून कळतंय, तेही पद्मजाकडून. मी तिला पान परत पाठवलं, सात खोडून. खाली लिहिलं, तुझं बरोबर आहे. गुरुवारी तिची परीक्षा आहे आणि माझं जेवणात लक्ष नाही.

काल मी ॲप उघडलं, माइक तोंडाशी धरला आणि 'माझं घर' पहिल्यांदा माझ्या आवाजात म्हटलं. मोठ्यानं, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल इतकं. सहा पायऱ्या म्हटलं. वडील चहा पितात ती तिसरी पायरी आता दुसरी झाली, तेही म्हटलं. रेघ काही फार हिरवी झाली नाही. शेवटी ॲपनं विचारलं, हे ठेवलं, जुनं रेकॉर्डिंग पुसायचं का?

मी 'नाही' दाबलं. दोन्ही ठेवली.