जामसरचा म्हसासुर

जामसरच्या बुध्याचं काम काय, तर वर्षातून एकदा मरायचं. बाकीचे दिवस तो चारचौघांसारखा भात-नागली पिकवायचा, बैल राखायचा, बायकोची बोलणी खायचा. पण शिमगा सरला आणि मोखाड्याला बोहाड्याची, म्हणजे सोंगं नाचवायची, जत्रा भरली, की बुध्या तोंडाला शिंगांचं सोंग बांधायचा, देवीसमोर थयथय नाचायचा आणि दिवस उगवल्यावर तिच्या तलवारीनं मरून पडायचा. त्याच्या बापानंही जन्मभर हेच केलं. म्हसासुराचं सोंग हा त्या घराचा मान होता. राक्षसाचा असला म्हणून काय झालं, मान तो मान!

जामसर जव्हार संस्थानात आणि मोखाडा इंग्रजांच्या मुलखात. एरवी इकडच्या माणसाचं तिकडं फारसं काम पडत नसे. बोहाड्याला मात्र दोन्हीकडचा डोंगर एका मैदानात उतरायचा. छापलेली बातमी त्या काळी तिथं कुणाच्या बापानं पाहिली होती? कुणाचा बैल वाघानं नेला, कुणाची पोर कुठं दिली, संस्थानात कसली दवंडी फिरली, तिकडं जंगलचा शिपाई कुणाला नडला, हे सगळं कळायचं ते सोंगं बघता बघता. बोहाड्यात झालेली गोष्ट झाकायची म्हटली तरी झाकायची नाही. बुध्याची अब्रू गेली ती याच पायी.

झालं असं. देवीचं सोंग मोखाड्याच्या देवरामकडं असायचं. देवराम बुध्यापेक्षा बराच मोठा, बुध्याच्या बापालाही त्यानंच मारलेलं. रीत अशी, की देवीनं तलवार घेऊन चालून यायचं, राक्षसानं मागं सरायचं, परत अंगावर जायचं. अशी झुंज चांगली रंगली, की मग तलवार मानेला लागायची आणि राक्षस पडायचा. तो पडला की दोघांनी देवीला धरून पाटावर बसवायचं. देवी मात्र कधी भुईला टेकता कामा नये. देवी पडली की साल पडलं, असं समदा डोंगर मानायचा.

त्या साली देवराम हिवतापातून नुकता उठलेला. घरचे नको म्हणत होते, तरी सोंग घेऊन उभा राहिला. पहिलाच फेरा चालला होता. बुध्यानं मुखवट्याच्या भोकांतून पाहिलं, तर देवीचे गुडघे वाकत होते. म्हातारा आता पडतो की काय! बुध्यानं पुढंमागं पाहिलं नाही. तलवार अजून वरही गेली नव्हती, तोच तो धाडकन आडवा झाला. संबळवाला वाजवायचा थांबला. मग कुणीतरी जयजयकार केला, दोघं धावले आणि देवीला काखेत धरून पाटावर बसवलं. देवरामचे पाय लटपटले ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. सगळ्यांचे डोळे न मारता मेलेल्या राक्षसावर!

मग काय विचारता. "जामसरचा म्हसासुर वाऱ्यानं पडतो!" हे बोल जव्हारच्या बाजारापर्यंत पोचले. जामसरचा माणूस मीठ घ्यायला गेला तरी दुकानदार विचारायचा, "जपून जा हो, वारा सुटलाय."

गावचा म्होरक्या मंगळू तापट माणूस. त्यानं बुध्याला चार लोकांत उभं केलं. "का पडलास?"

"पडलो," बुध्या म्हणाला.

"अरे, पण का?"

"पाय घसरला असंल."

"घसरला असंल? तुझा तू पडलास नि तुलाच ठाऊक नाय?"

बुध्या काय सांगणार? देवी पडत होती, हे तोंडातून काढायचं म्हणजे देवीलाच उणेपणा आणायचा, आणि वर म्हाताऱ्या देवरामचं सोंग जायचं. मंगळूनं सोंग काढून घेतलं आणि बाबल्याला दिलं. बाबल्या अंगानं रेड्यासारखा धिप्पाड, डोक्यानंही जवळपास तसाच.

घरी रामी फार तडतडली. "मुकाट्यानं देऊन आलास? सासऱ्यानं काय म्हणून जपलं होतं ते? तोंडात मूग धरलेस?" बुध्याला वाईट वाटलं नाही असं नाही. सोंग टांगायची खुंटी मोकळी दिसली, की तो उठून बाहेर जाऊन बसायचा. पण बायकोलाही त्यानं काही सांगितलं नाही.

पावसाळ्याआधी देवराम काठी टेकत जामसरला आला. म्हणाला, "बुध्या, मी मंगळूला खरं काय ते सांगतो. माझ्यापायी तुझी माती झाली."

"दादा, काय सांगशील? देवी कोसळत होती म्हणून?" बुध्या म्हणाला. "राक्षस पडला तेच बरं झालं. पाणी पी नि घरी जा."

पुढचं साल आलं. या खेपेला नाक वर करून यायचं, असं जामसरनं ठरवलं होतं. निघायच्या आधी मंगळूनं बाबल्याला देवीची आण घातली, "काय वाटेल ते होवो, पडायचं नाय!" त्याच्या मनात होतं, लवकर पडायचं नाही. पण रागाच्या भरात माणूस बोलतो तेवढंच बोलतो. आणि बाबल्या ऐकतो तेवढंच ऐकतो.

झुंज सुरू झाली. बाबल्या खरंच झकास नाचला. जामसरकर खूश! तलवार मानेला लागली, बाबल्या उभा. पुन्हा लागली, तरी उभा. उन्हं मैदानात आली. पिपाणीवाल्याचा दम संपला. देवराम तलवारीचा टेकू घेऊ लागला. बायका कुजबुजायला लागल्या, "राक्षस जिता ठेवून पेरा करायचा का गं, बाई?"

"बाबल्या, पड आता!" मंगळू ओरडला.

मुखवट्यातून आवाज आला, "कसा पडू? तूच आण घातलीस ना, देवीची!"

घ्या! देवीची आण घेतलेली, आणि ती मोडायची ती देवीच्याच समोर! जाणत्यांनी डोक्याला हात लावले. शेवटी एकानं तोड काढली, की आण बाबल्याला आहे, सोंगाला नाही. सोंग दुसऱ्यानं घ्यावं. पण उपास धरल्याशिवाय सोंगाला हात लावता येत नाही. उपास कुणी धरलाय?

जामसरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. तेवढ्यात बायकांतून रामीचा आवाज आला. "आमच्या घरात धरलाय! सोंग नाय नि काय नाय, तरी धरलाय. भुईवर निजतो नि एकवेळ खातो. मी बोंबलून दमले!"

बुध्या गर्दीच्या मागं उभा होता. मंगळू त्याच्यासमोर गेला. सगळा डोंगर बघत होता. गेल्या साली ज्याला पडला म्हणून हिणवलं, त्यालाच आता पड म्हणायचं! मंगळू कसाबसा म्हणाला, "बुध्या, तू पडशील का?"

बुध्याला वर्षभराचं सगळं आठवलं. नाही म्हणायची हीच वेळ होती, कुणी नावं ठेवली नसती. पण मैदानात देवराम डुलत होता. बुध्यानं सोंग बांधलं आणि थेट देवीच्या अंगावर गेला, इतका जवळ की म्हाताऱ्याला टेकायला त्याचा खांदा मिळाला. "दादा, सावकाश," तो आतून म्हणाला. "मी आहे." देवरामनं त्या खांद्याच्या आधारानं हात उचलला. तलवार हळूच मानेला लागली. मग बुध्या पडला, आणि सगळ्यांत मोठ्यानं ओरडली ती जामसरची माणसं.

देवीला पाटावर बसवलं. मंगळू बुध्याला उठवायला आला. त्यानं देवरामच्या थरथरत्या पायांकडं पाहिलं, मग खाली बुध्याकडं पाहिलं, आणि त्याचा चेहराच उतरला.

"गेल्या साली..." तो म्हणाला.

"गेल्या साली मी पडलो," बुध्या म्हणाला. "हात दे. भूक लागलीय."