पाणी उतरल्यावर

ब्रह्मा घाटाजवळ राहणारी शरदिनी खांबेटे मुलींना शिवण शिकवायची. तिचा नवरा रत्नाकर पंचगंगा घाटावर यात्रेकरूंच्या पूजा सांगायचा. श्रावणात गंगा चढली की घाट बुडायचा, पूजा थांबायच्या आणि घरी बसलेल्या रत्नाकरचा राग पाण्याबरोबर वाढत जायचा. मग तो शरदिनीला मारायचा. आश्विनात पाणी उतरलं की रडून तिचे पाय धरायचा आणि सगळी थंडी गोड वागायचा. सासूबाई त्याच्या रागालाही पूरच समजून म्हणायच्या, "बाढ आहे गं, उतरेल."

पंच्याण्णव सालच्या पुरात त्याने तिचं डोकं भिंतीवर आपटलं. कपाळ फुटून रक्त डोळ्यांत ओघळलं. तो काठी घेऊन पुन्हा धावून आला, तेव्हा तिच्या हाताला वरवंटा लागला. तिने तो सगळ्या ताकदीनिशी त्याच्या मनगटावर घातला. हाड कडकन मोडलं. तो कोसळला, तरी तिने त्याच्या डोक्यावर वरवंटा पुन्हा उगारला. त्याच क्षणी ती स्वतःलाच घाबरली. वरवंटा टाकून ती भर पावसात दूधविनायक मोहल्ल्यात भावाकडे गेली.

आश्विनात हाताला प्लास्टर घातलेला रत्नाकर भावाच्या दारात आला. "चल घरी. पाणी उतरलंय आता."

"पुढच्या श्रावणात परत चढेल," ती म्हणाली. "तुमच्यातही आणि आता माझ्यातही. तेव्हा आपण एका घरात नसलेलं बरं."

ती परत गेली नाही. पुढेही दर श्रावणात तिच्या मुठी आपोआप आवळायच्या. त्या दिवसांत ती कुणाशी फारसं बोलत नसे, नुसती मशीन चालवत बसे.