खाऱ्या विहिरीचं शेवाळ

शेवाळाच्या टाक्यांवर जाऊन मी किस्सा न घेता परत आले, असं कधी होत नाही. समुद्रापासून इतक्या लांब, आष्ट्याजवळच्या उसाच्या पट्ट्यात समुद्री शेवाळ वाढवायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार?

अण्णा तिथले शेतकरी. त्यांची जमीन उसाला पाणी पाजून पाजून क्षारपड झालेली. वर मिठाचा पांढरा थर, विहीर खारट. मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. त्या पाण्यात शेवाळ वाढेल का, हे बघायला टाक्या मांडू का, असं अण्णांना विचारलं.

"मांडा की म्याडम. दुसरं काय उगवत न्हाई, तेवढंच हिरवं दिसंल!"

हसत म्हणाले, पण मला ते लागलं.

* * *

पीएच मोजायचं काम शेजारच्या रिटायर्ड सुभेदारांकडे. आकडा सकाळी आठ यायचा, दुपारी नऊच्या वर! कुणीतरी चुना टाकतंय, असं ठरवून त्यांनी काठी घेऊन दिवसभर पहारा दिला. चिटपाखरू आलं नाही, पीएच चढलाच!

मी सांगितलं, उन्हात शेवाळच पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, म्हणून पीएच चढतो.

सुभेदार टाकीत डोकावून म्हणाले, "म्हंजी चोर आतच हाय!"

* * *

तो गॅस परत द्यायला सोडावाल्याचा सिलिंडर आणला. टाकीत बुडबुडे सुरू झाले, तशा अण्णांच्या बायको, काकी, त्यांना म्हणाल्या, "आमाला कवा लिंबू-सोडा पाजला न्हाईसा. शेवाळाला बरा!"

* * *

आमच्या कॉलेजचे प्राचार्य टाक्या बघायला येणार म्हणून काकींनी टाकीत तुरटी फिरवली. पाणी नितळ झालं, शेवाळाचं खाद्य असलेलं फॉस्फेट तळाला बसलं आणि शेवाळ उपाशी! प्राचार्य मात्र खूश. "काय स्वच्छता आहे!"

* * *

मग शेवाळ पिवळं पडलं. नायट्रेट तपासलं, फॉस्फेट तपासलं, खारेपणा तपासला. सगळं ठीक. मी रडकुंडीला आले.

अण्णांनी शेवाळाचं एक पान बोटावर घेतलं. "ऊस असता तर म्हनलो असतो, पालाश कमी पडलाय."

"अण्णा, हा ऊस नाही," मी जरा तोऱ्यातच म्हणाले.

तरी गुपचूप पालाश, म्हणजे पोटॅशियम, तपासलं. समुद्राच्या मानाने त्या पाण्यात ते नावालाच होतं! उसाला घालतात ते पोटॅश विरघळवून घातलं, पंधरवड्यात टाकी हिरवीगार. माझी पीएचडी आहे बरं का!

त्या दिवशी अण्णा रस्त्यावरून जाईल त्याला हाक मारत होते. "या, आमचं पीक बघा!" 'आमचं पीक' हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले.

* * *

यंदा पाऊस दणकून झाला. एका सकाळी अण्णांचा फोन. "म्याडम, घात झाला! इहीर गोडी झाली!"

मी धावत गेले. विहिरीचं गोडं पाणी टाकीत जाऊन तिथला खारेपणा निम्म्यावर आलेला, शेवाळ मलूल. काकी मात्र विहिरीच्या काठावर बसून तांब्याने पाणी पीत होत्या. "लगीन होऊन आले तवापासनं देवाकडं हेच मागत हुते," त्या म्हणाल्या आणि पुन्हा तांब्या भरला.

अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ही पिऊ दे. टाकीचं आपन बघू. चला."

आम्ही आष्ट्याच्या बाजारात गेलो. अण्णा दुकानदाराला म्हणाले, "जाडं मीठ दे. दोन पोती."

दुकानदार पोत्याकडे वळला, थांबला आणि अण्णांकडे बघतच राहिला.

"आवं अण्णा, तुमाला? मीठ?"