आढीतली सफरचंदं

सफरचंद हे आजाऱ्याचं फळ, अशीच आमची समजूत. भिवंडीच्या दवाखान्यात कुणी पडलं, तर भेटायला जाणारा एखादं घेऊन जाई. धडधाकट माणसाला सफरचंद खाताना मी तरी पाहिलं नव्हतं. आणि सत्तरच्या दशकातल्या एका हिवाळ्यात आमच्या वडपे गावच्या घरात पेटीभर सफरचंदं आली.

त्याचं असं झालं. भाताची झोडणी चालली होती, तेव्हा आग्रा रोडवर आमच्या शेतासमोर एका सरदारजीचा ट्रक मोडला. सफरचंदांचा माल दुसऱ्या ट्रकनं मुंबईला गेला आणि हा दुरुस्तीच्या सामानाची वाट बघत चिंचेखाली राहिला. सासूबाई त्याला दोन्ही वेळा भाकर-कालवण पाठवायच्या. "परमुलखातला हाय. त्याची पन आई वाट बघत असंल ना!" ट्रक दुरुस्त झाल्यावर त्यानं एक पेटी आमच्या ओट्यावर आणून ठेवली. बागवाल्यानं त्याला घरी न्यायला दिलेली. म्हणाला, "माताजी, ठंडी जगह में रखना, होली तक चलेगा."

त्यातलं 'होली तक' तेवढं सासूबाईंनी उचललं. माझी नणंद पूर्णा नावाच्या गावी दिलेली, पहिलटकरीण. माघात बाळंतपणाला यायची होती आणि दिवाळीला आली तेव्हा सफरचंद खावंसं वाटतं म्हणाली होती. मग काय! पेटी तिच्या नावाची झाली. सासरी पाठवायची सोयच नव्हती, कारण तिथं जावा-नणंदांत वाटणी होऊन पोरीच्या वाट्याला फोडसुद्धा आली नसती.

सासूबाईंनी एक सफरचंद अंगठ्यानं दाबून बघितलं. "दगूड हाय नुसता. कच्ची हायेत सगळी." आणि आंब्यांची घालतात तशी त्यांची आढी घातली. चुलीवरच्या माळ्यावर, उबेला, नव्या पेंढ्याचा थर, त्यावर सफरचंदं, पुन्हा पेंढा, वर गोणपाट.

"आई, तो थंड जागी म्हणाला होता," मी म्हटलं.

"त्याला काय ठाव? फळ त्याचं, पन आढी आपली."

आंब्याच्या बाबतीत गावात कुणाची त्यांच्यापुढे बोलायची छाती नव्हती.

आढीचा एक नियम असतो. रोज सकाळी ती चाचपायची, डागी फळ बाहेर काढायचं, नाहीतर त्याच्यापायी बाकीची नासतात. डागी ते आधी खायचं, चांगलं ते ठेवायचं. सासूबाई रोज शिडी चढायच्या आणि एखाददुसरं नासकं घेऊन उतरायच्या. सडलेला भाग कापून उरलेल्या फोडी आम्हाला. पिठूळ, मऊ, धुराच्या वासाच्या. आमचे हे पॉवरलूमवरची शिफ्ट करून आले की फोड तोंडात टाकून म्हणायचे, "यापेक्षा आपला पेरू बरा की!" आम्हाला वाटलं, सफरचंद असंच लागतं. चांगलं असेपर्यंत हात लावायचा नाही आणि नासलं की वाटून खायचं. अख्खा हिवाळा आम्ही सफरचंदं खाल्ली आणि धड असं एकही खाल्लं नाही.

पौषात मला दिवस गेल्याचं कळलं. आधी एकदा राहिलं होतं, मी हौसेनं सगळ्यांना सांगत सुटले आणि ते पडलं. म्हणून या खेपेला तोंड घट्ट मिटलेलं. ह्यांनासुद्धा सांगितलं नाही. भाताच्या वासानं उमळून यायचं, भाकरी गिळवत नव्हती. जिवाला एकच गोष्ट हवी होती, आढीतलं चांगलं, लाल सफरचंद. चूल फुंकायला बसावं तर माळ्यावरून वास खाली यायचा. जळली मेली ती आढी, असं वाटायचं. मागायचं तर कारण सांगावं लागलं असतं. आणि गुपचूप काढावं, तर त्या पेंढ्यातली काडी न् काडी सासूबाईंना पाठ होती.

माघात नणंद आली. सासूबाईंनी उरलेली सफरचंदं सुपात घालून खाली आणली. वरून लालबुंद. मोठ्या कौतुकानं पहिलं चिरलं, तर आत काळं. दुसरं चिरलं, तेही काळं. विळीवर बसून त्या एकामागून एक चिरत गेल्या, आणि सगळी तशीच.

नणंदेनं नाकाला पदर लावला. "राहू दे गं आई. ते डोहाळे कधीच सरले. मला जरा सुकट भाजून दे."

बस्स. इतके दिवस दाबून धरलेलं माझं सगळं बाहेर पडलं. "मला हवं होतं!" मी ओरडलेच. "रोज वास घेत बसायचे मी इथं. मला हवं होतं!" आणि हमसून हमसून रडायला लागले.

सासूबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पोटाकडे.

"कितवा?"

"तिसरा सरतोय."

त्यांनी सूप उचललं, सगळं गाईपुढं ओतून आल्या आणि सुकट भाजायला बसल्या. माझ्या फार मनाला लागलं ते.

बाजाराच्या दिवशी त्या वालाच्या शेंगांचं टोपलं घेऊन भिवंडीला गेल्या. दुपारी परत आल्या, टोपलं उतरवलं आणि पदराची गाठ सोडली. आत एक सफरचंद. सवयीनं त्यांचा अंगठा त्याच्यावर गेलाच. झालं, म्हटलं, आता हेही पेंढ्यात जाणार.

"कच्चंच हाय मेलं," त्या म्हणाल्या. "पन ठेवायचं न्हाय. खा. आत्ता, माझ्यासमोर."

मी चावा घेतला. कर्रकन आवाज झाला तशा त्या दचकल्या. गोड-आंबट रस माझ्या हनुवटीवरून ओघळला. इतकं सुख झालं मला की डोळ्यांत पाणी आलं. मी सफरचंद त्यांच्यापुढं धरलं. त्या नको नको म्हणाल्या, मग दाढेनं इवलासा तुकडा तोडला आणि कितीतरी वेळ चघळत राहिल्या.

"असं लागतं होय हे?" त्या म्हणाल्या. मग माळ्याकडे बघितलं. "सगळी पेटी होती गं आपल्याकडं."

डोळ्यांना पदर लावून त्यांनी माझ्याकडे पाठ केली. "खा तू. थांबू नको."