शेरूचं पोतं आन् आमचा सांबार

मंडळी, आज आमचा सांबार बाजारात गेलाच नाई.

आईनं कोथिंबिरीच्या, म्हणजे आमच्याकडच्या सांबाराच्या, जुड्या घरात ओल्या पोत्याखाली झाकून ठेवल्या होत्या. सकाळी आमचं पिल्लू शेरू आलं, त्यानं पोतं हुंगलं आन् त्यावरच मुतलं.

बाबा भडकले. "याले काऊन आणलं घरात?"

शेरू मात्र शेपटी हलवत बाबांकडेच पाहून राह्यला होता.

आई म्हणाली, "पोत्यावर कर म्हणून तुम्हीच त्याले शिकवलं ना?"

खरंच. महिनाभर बाबांनी दारापाशी जुनं पोतं टाकलं होतं. त्यावर केलं की शेरूले पोळीचा तुकडा मिळे.

सगळा सांबार उकिरड्यावर गेला. मग बाबांनी डब्यातून पोळी काढली. म्हणाले, "कबूल केलं होतं, द्याच लागते."

आता उद्याच्या सांबारावर काय झाकू, तुम्हीच सांगा.