चार्जरपुढची घागर

आमच्या दूध संस्थेच्या आवारात गाड्यांचा चार्जर बसवायचा हट्ट माझा. मी संस्थेची सचिव. त्या दुष्काळात जनावरं चारा छावणीत गेली, दूध आटलं, आणि दूध थंड करायच्या मशीनसाठी घेतलेली दांडगी वीजजोडणी नुसती पडून होती. चौसाळ्याकडं जाणारा हायवे आमच्या दारातूनच जातो. फोनमधल्या नकाशावर पुण्याभोवती चार्जरच्या ठिपक्यांची ही गर्दी, आणि बीडकडं येता येता ते विरळ होत गेलेले, अगदी पावसासारखे. मला रागच आला. म्हटलं, एक तरी ठिपका आमचा असू द्या.

चार्जर आला, पण गाडी काही येईना. संचालक येता-जाता चिडवायचे, "काय सचिवबाई, आज किती गाड्या जेवून गेल्या?" शेवटी चार्जरच्या कंपनीच्या साहेबांचा फोन आला. पाहणीला येतो म्हणाले. गिऱ्हाईक दिसलं नाही तर मशीन काढून दुसरीकडं बसवणार.

हे मी घरी बोलले, तिथंच चुकले. पाहणीच्या सकाळी जाऊन बघते तर चार्जरपुढं रिकाम्या घागरींची रांग! आमच्याकडं पाण्याचा टँकर यायच्या आधी घागर ठेवून नंबर धरतात. घागर दिसली की माणूस उभं आहे असंच समजायचं. पहिली घागर माझ्या सासूबाईंची होती.

"अहो आत्याबाई, इथं काय पाणी मिळतंय?"

"ठाव हाय मला. सायबाला गिऱ्हाईक दिसाया पायजे का न्हाई?"

मी डोक्याला हात लावला. तेवढ्यात साहेब आले आणि घागरी बघून म्हणाले, "टँकर इथंच थांबतो वाटतं?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि नेमकी तेव्हाच एक गाडी आत वळली. सोलापूरला निघालेली एक तरुण बाई उतरली. वाटेतला मागचा चार्जर बंद होता, बॅटरी संपत आलेली. घाईघाईनं ती पहिली घागर बाजूला सरकवायला लागली, तशा घागरी ठेवून सावलीत बसलेल्या गावातल्या बायका सवयीनं ओरडल्या, "ए बाई, नंबर हाय!"

बाई दचकून मागं सरली. आलेलं एकुलतं एक गिऱ्हाईक आमच्याच घागरी पळवून लावणार, या भीतीनं मी सासूबाईंकडं बघितलं. टँकरवर त्यांनी आयुष्यात कुणाला आपला नंबर दिला नव्हता. मी नवी नवरी असतानाही माझी घागर त्यांनी मागं लावली होती.

त्या उठल्या, घागर कमरेवर घेतली आणि म्हणाल्या, "घे लेकी, माझा नंबर घे."

गाडी चार्जिंगला लागली. दूध संस्थेत कोरा चहा पाजताना लाज वाटली, पण साहेबांनी दोन कप घेतले आणि चार्जर इथंच राहील म्हणाले.

घरी जाताना मी सासूबाईंना टोमणा मारलाच, "मला कधी नंबर दिला नव्हता, आत्याबाई. त्या परक्या बाईला बरा दिलात!"

"तिला कुठं दिला?" त्या चालता चालता म्हणाल्या. "तुलाच दिला की."