आक्रमक, असं मी माईकवर म्हणालो

पेणपासून रोह्यापर्यंत कुठेही कबड्डीचं मैदान आखलं गेलं, की माईक माझ्या हातात असायचा. चढाईला निघालेला पोरगा मध्यरेषेवर पोचायच्या आत मी त्याचं गाव, त्याच्या मामाचं गाव आणि त्याची कंपनी सांगून मोकळा झालेलो असे. लोक खेळ बघायला येतात हा आयोजकांचा गैरसमज आहे, खरं तर ते मला ऐकायला येतात, असं माझं मत होतं. ते मी चारचौघांत बोलूनही दाखवायचो.

गेल्या वर्षी पेणच्या मंडळाला नवं खूळ सुचलं. मोबाइलवर जो पत्त्यांचा खेळ पोरं खेळतात, त्याची स्पर्धा भरवायची. मैदान आखायला नको, मॅट नको, कुणाचा गुडघा मोडत नाही. मंगल कार्यालयात मोठा पडदा लावायचा, दोन खुर्च्या मांडायच्या, आणि सत्काराच्या शाली मात्र नेहमीइतक्याच. अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं.

"माईक तूच घे. पण अभ्यास करून ये. वडखळचा तो नवा समालोचक पोरगा हाय ना, त्याला यातलं सगळं कळतं. हितं जमलं तर हिवाळ्यातल्या कबड्डीचा माईक पण तुझाच. नाय जमलं तर मंडळ विचार करेल."

मंडळ म्हणजे ते एकटेच, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती हिवाळ्यातली कबड्डी म्हणजे आमच्याकडची सगळ्यात मोठी. तिथला माईक गेला, तर मी उरलो फक्त धाटावच्या कंपनीतला स्टोअरकीपर.

खेळ फ्लेक्सच्या दुकानात काम करणाऱ्या माझ्या मुलीला येत होता. जेवताना एका हातात घास आणि दुसऱ्या हातात मोबाइल, यावरून मी तिला इतकं बोललो होतो की शिकायला बसताना माझीच मान खाली गेली. तिनेही स्पर्धेत नाव दिलेलं होतं.

"पप्पा, आपण जी पानं निवडून खेळायला घेतो, तो डेक. त्यात दोन जाती महत्त्वाच्या. एक आक्रमक, एक टेम्पो."

"टेम्पो म्हणजे?"

"ते राहू दे. आधी आक्रमक ओळखा. स्वस्त पानं पटापट टाकायची, आणि समोरच्याच्या टेबलावर काय मांडलंय तिकडे न बघता थेट त्याच्या जिवावर हल्ला. जिवाचा आकडा शून्यावर आला की तो हरला. सहा-सात चालींत हात रिकामा. तोवर जिंकलात तर जिंकलात."

"आणि टेम्पो?"

"तो पण सुरुवातीला असाच दिसतो. स्वस्त पानं, थेट हल्ला दिसला की तुम्ही बिनधास्त आक्रमक म्हणा."

मला कुठलीही विद्या आली की ती आधी नातेवाइकांवर चालते. माझा मेहुणा आक्रमक: लग्नात पहिल्या पंगतीला बसून जिलेबीवर तुटून पडतो आणि मठ्ठ्यापर्यंत पोचत नाही. आखातातून सुट्टीवर आलेले शेजारचे चाचा आक्रमक: पहिल्या आठवड्यात आख्ख्या गल्लीला अत्तर वाटून बसले, आणि उरलेली सुट्टी पाहुणा दिसला की दार लावून घेत होते. टेम्पोवाला मला कुणीच सापडला नाही. त्यामुळे ती जात आपल्याकडे नसावी, असं मी ठरवून टाकलं.

स्पर्धेच्या दिवशी माझं बरं चाललं होतं. ज्याला त्याला मी आक्रमक म्हणत होतो आणि लोक टाळ्या वाजवत होते. मुलगी सहाव्या चालीच्या आतच जिंकत जिंकत अंतिम फेरीत आली. समोर पेणचा एक तरुण, गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखणारा. घाई हा शब्द त्याला शिकवलेलाच नव्हता.

पडद्यावर दोघांचं टेबल दिसत होतं, हातातली पानं दिसत नव्हती. एवढी अक्कल मंडळाला सुचली होती. खेळणाऱ्यांच्या कानांवर हेडफोन द्यावेत, ही सुचली नव्हती.

मुलीने पहिल्या चालींत स्वस्त पानं टाकली आणि सरळ त्याच्या जिवावर घातली. बाप म्हणून माझा ऊर भरून आला. मी माईक ओठांना लावला.

"प्रेक्षकहो, हा आक्रमक डेक आहे. घरचा माणूस सांगतोय. सहाव्या चालीला हात रिकामा होणार, लिहून घ्या."

समोरच्या तरुणाने मान हलवली आणि तो थांबला. जीव वाढवणारी पानं आधी खर्च करून तो तिचा हात रिकामा व्हायची वाट बघत बसला. सहावी चाल आली, सातवी आली. तिचा हात काही रिकामा होईना. तो जे पान मांडी ते ती उडवी आणि त्याच चालीत स्वतःचं एक पुढे सरकवी. मी आठव्या चालीलाही आक्रमकच म्हणत होतो. ती जिंकली.

तो तरुण माझ्याजवळ आला. "काका, तुम्ही बोललात म्हणून थांबलो ना मी. पोर तुमची, तुम्हाला ठाऊक असणार."

माईक चालूच होता. हॉल हसला. अध्यक्षांनी तो माझ्या हातातून घेतला, वडखळच्या पोराला दिला आणि म्हणाले, "आता खरं काय झालं ते हा सांगंल." त्याने सांगितलं. आक्रमक डेक टेबल विसरून फक्त जिवावर उठतो. टेम्पोवाला समोरच्याचं मोडता मोडता स्वतःचं मांडतो, कायम एक पाऊल पुढे राहतो आणि हातात शिल्लक ठेवतो. लहान पोरालाही कळेल असं सांगितलं मेल्याने.

परतताना वडखळला चहाला थांबलो. बक्षिसाची ढाल तिने मांडीवर घेतली होती.

"माझा कबड्डीचा माईक पणाला लागला होता, ठाऊक होतं ना तुला?"

"होतं."

"मग टेम्पो का नाही शिकवलास?"

"शिकवला असता तर तुम्ही तो माईकवर सांगितला असता."

हे खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. "गेली माझी कबड्डी."

"पप्पा, ती आधीच गेली होती," ती चहात बिस्किट बुडवत म्हणाली. "त्या कबड्डीचा फ्लेक्स आमच्याच दुकानात आलाय, मीच केलाय. समालोचक म्हणून याच गावच्या त्या पोराचा फोटो आहे. आजच्या स्पर्धेआधीच दिला होता अध्यक्षांनी."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आज आला नसतात. तुमचा माईक म्हणजे जाणारंच पान होतं. जाता जाता एक काम करून गेलं."

मला वाईट वाटलं. अध्यक्षांचा राग आला, तिचा आला, आणि खोटं कशाला बोलू, या पोरीचा अभिमानही वाटला. चहा संपवून मी दोघांचे पैसे दिले.

"फ्लेक्सवर माझा फोटो कुठेच नाही?" मी शेवटी विचारलं.

"आहे," ती म्हणाली. "खाली, शुभेच्छुकांच्या रांगेत. त्यांनी दिला नव्हता. मी बसवला."